अफगाण युद्धातल्या स्वाराचं पदक कसं वाचावं आणि त्याची नोकरी कशी शोधावी

जुन्या पेटीत किंवा फडताळात राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेलं काळपटलेलं चांदीचं पदक सापडलं, तर आधी घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट बजावून सांगा: ते घासायचं नाही. रांगोळी, चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, सोनाराकडची पॉलिश, काहीही नको. ब्रिटिश काळातल्या मोहिमांच्या पदकावर शिपायाचं नाव साधारणपणे त्याच्या जाडीवर, म्हणजे कडेवर असतं. ही अक्षरं फार खोल नसतात. प्रत्येक दिवाळीला घासलेल्या पदकावर राणीचं नाक सपाट झालेलं दिसतं आणि कडेवर नुसत्या रेघा उरतात. त्या रेघांवरून माणूस शोधता येत नाही.

इथे आपण दुसऱ्या अफगाण युद्धाचं, १८७८ ते १८८० चं, पदक धरून चालू. मुंबई इलाख्याच्या रिसाल्यांनी, म्हणजे घोडदळाच्या पलटणींनी, या युद्धात मोठा भाग घेतला. एक पदक नीट वाचायची सवय लागली की इतर मोहिमांची पदकंही त्याच रीतीने उलगडता येतात.

पदक ओळखणं

अफगाणिस्तान पदक चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढच्या बाजूला मुकुट आणि ओढणी घेतलेली राणी आणि भोवती ‘व्हिक्टोरिया रेजिना एट इम्पेराट्रिक्स’ ही अक्षरं. मागच्या बाजूला कूच करणारी फौज, तिच्यात पाठीवर तोफ लादलेला हत्ती, वर ‘अफगाणिस्तान’ आणि खाली १८७८-७९-८०. फीत हिरवी, दोन्ही कडांना किरमिजी पट्टे, रुंदी ३२ मिलिमीटर. फितीवर भिस्त ठेवू नका. रेशीम कुजतं, घरातले लोक हाताला लागेल ती रिबन लावतात आणि विकणारे नवी फीत घालून देतात. ओळख धातूवरून पटवायची.

याच युद्धाचा दुसरा मान म्हणजे काबूल ते कंदाहार तारा. पाच टोकांचा, ब्राँझचा, वर मुकुट आणि कडी. तो लढाईत हाती आलेल्या तोफांच्या धातूतून ओतला होता. त्याची फीत लाल, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या रंगांची, इंद्रधनुष्यासारखी एकमेकांत मिसळत जाणारी. ताऱ्याला कडा नसते, त्यामुळे नाव मागच्या बाजूला मधल्या पोकळ भागाभोवती शोधा.

कडेवरची अक्षरं उतरवणं

पदक मऊ सुती कापडाच्या घडीत उभं धरा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्चचा उजेड जवळजवळ आडवा पाडा. समोरून पडलेल्या उजेडात चांदी चमकते आणि अक्षर दिसत नाही. आडव्या उजेडात प्रत्येक खाचेची सावली पडते. पदक थोडं थोडं फिरवत किमान आठ फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एक-दोन अक्षरं येऊ द्या. फोटोत नीट येत नसेल तर ट्रेसिंग पेपरची सात-आठ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. पदकाचा घेर सुमारे ११३ मिलिमीटर भरतो, म्हणून पट्टी १३ सेंटिमीटर घ्या, कडेभोवती धरा आणि ४बी पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. अक्षरं कागदावर उमटतात.

क्रम बहुधा असा असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. वाचता येईल तेवढंच लिहा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या आणि अंदाज वेगळ्या ओळीत ठेवा. पुढे दप्तरात शोधताना अंदाजाचं अक्षर खरं समजून बसलात, तर भलत्याच माणसाच्या मागे महिने जातात.

नावाचं स्पेलिंग हा मोठा घोळ असतो. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आणि तेही जुन्या इंग्रजी वळणाने. राव हे ‘आर-ओ-डब्ल्यू’, जाधव ‘जे-ए-डी-ओ-डब्ल्यू’, कदम ‘सी-यू-डी-यू-एम’, लक्ष्मण ‘एल-यू-एक्स-आय-एम-ओ-एन’ असं सापडू शकतं. कित्येकदा आडनाव नसतंच, फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. म्हणून संशयित नाव मोठ्याने वाचा आणि कान काय सांगतो ते बघा. उलट बाजूही लक्षात ठेवा: पलटणीच्या नावात मुंबई किंवा पूना आहे म्हणून स्वार मराठा असेलच असं नाही. या रिसाल्यांत दख्खनी मुसलमान होते, राजपूत होते, हिंदुस्थानातून आलेली माणसंही होती.

हुद्द्यांची चढण अशी: स्वार, दफेदार, कोत दफेदार, मग अधिकारी वर्गात जमादार, रेसाईदार, रिसालदार आणि सर्वांत वर रिसालदार मेजर. वर्दी मेजर हे पलटणीच्या कारभाराचं काम पाहणाऱ्या हिंदी अधिकाऱ्याचं पद. जुन्या नियमित लाइट कॅव्हलरीत हवालदार, नाईक अशी पायदळासारखी पदनामंही आढळतात. घोडदळाच्या पदकावर ‘हवालदार’ दिसला म्हणून ते खोटं ठरवू नका.

‘तिसरी’ म्हणजे कुठली तिसरी?

इथे जाणकारही फसतात. १ सप्टेंबर १८८० रोजी कंदाहारच्या लढाईत ‘तिसरी’ म्हणवणारे चार रिसाले होते: तिसरी बाँबे लाइट कॅव्हलरी, तिसरी सिंध हॉर्स, तिसरी बेंगाल कॅव्हलरी आणि तिसरी पंजाब कॅव्हलरी. पहिले दोन कंदाहारच्या बाजूला आधीपासून होते. दुसरे दोन जनरल रॉबर्ट्सच्या फौजेबरोबर काबूलहून सुमारे ५०० किलोमीटर कूच करून ३१ ऑगस्टला तिथे पोचले. कडेवर फक्त ३, पुढे एक-दोन अक्षरं आणि ‘कॅव्ही’ (कॅव्हलरी, म्हणजे घोडदळ) एवढंच असलं, तर ती एक-दोन अक्षरं पुन्हा पुन्हा तपासा. ‘बी-ओ’ असेल तर बाँबे, ‘बी-ई’ असेल तर बेंगाल. घासलेल्या कडेवर ‘ओ’ आणि ‘ई’ यांत फरक राहत नाही, आणि त्या एका अक्षरावर सगळी नोकरी फिरते. बेंगाल आणि पंजाबच्या तिसऱ्या रिसाल्यांतल्या स्वारांना काबूल ते कंदाहार तारा मिळाला. बाँबेच्या तिसऱ्याचे स्वार ती कूच करत नव्हतेच, ते महिनाभर आधी मैवंदला लढले होते.

पलटणींची नावं पुढे बदलली, तेही टिपून ठेवा, नाहीतर १८८० चं नाव घेऊन १९१० च्या यादीत शोधत बसाल. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरने सगळ्या हिंदी फौजेला नवे नंबर दिले. तिसरी बाँबे लाइट कॅव्हलरी तेव्हा ३३वी क्वीन्स ओन लाइट कॅव्हलरी झाली. पूना हॉर्स १८८५ पासून चौथी बाँबे कॅव्हलरी म्हणून ओळखली जात होती, ती ३४वी झाली. पहिल्या महायुद्धानंतर या दोन्ही एकत्र आल्या आणि आजची पूना हॉर्स, १७ हॉर्स, ही त्यांचीच वारस आहे. आता घोड्यांच्या जागी रणगाडे आहेत. तिसरी सिंध हॉर्स मात्र १८८२ मध्ये मोडीत निघाली. तिच्या स्वारांचा माग पुढच्या यादीत एकदम तुटतो. त्यावरून एखादा स्वार मेला किंवा पळाला असं ठरत नाही.

पट्ट्यांचा अर्थ आणि मैवंदचा प्रश्न

पदकाच्या वर फितीवर बसवलेल्या चांदीच्या आडव्या पट्ट्या म्हणजे क्लॅस्प. प्रत्येकीवर एका लढाईचं नाव असतं. अफगाणिस्तान पदकाला सहा पट्ट्या होत्या: अली मस्जिद (२१ नोव्हेंबर १८७८), पैवार कोतल (२ डिसेंबर १८७८), चारासिया (६ ऑक्टोबर १८७९), काबूल (डिसेंबर १८७९), अहमद खेल (१९ एप्रिल १८८०) आणि कंदाहार (१ सप्टेंबर १८८०). एका माणसाला जास्तीत जास्त चार मिळाल्या. पहिली मिळालेली पट्टी पदकाच्या सर्वांत जवळ, पुढच्या तिच्यावर.

आता मुंबईचे रिसाले लढले दक्षिणेत, कंदाहारच्या बाजूला. म्हणजे बाँबे लाइट कॅव्हलरी किंवा पूना हॉर्सच्या स्वाराच्या पदकावर ‘कंदाहार’ असू शकते किंवा एकही पट्टी नसू शकते. त्यावर ‘अली मस्जिद’ किंवा ‘चारासिया’ असेल तर कोणीतरी नंतर बसवलेली आहे असं धरून चाला आणि मेडल रोल, म्हणजे पदक मिळालेल्यांची पलटणवार यादी, पाहिल्याशिवाय मत बदलू नका.

एकही पट्टी नसलेलं पदक लोक हलकं समजतात. बाजारात त्याची किंमत कमी लावतात आणि घरातही म्हणतात, ‘आजोबांनी फारसं काही केलं नसावं.’ मुंबईच्या रिसाल्यांच्या बाबतीत हा अन्याय आहे. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या मैदानात जनरल बरोजच्या ब्रिगेडवर अफगाण सरदार अयुब खानाची फौज तुटून पडली. ब्रिगेडियर नट्टलच्या हाताखाली तिसरी बाँबे लाइट कॅव्हलरी आणि तिसरी सिंध हॉर्स तिथे होती, पायदळात ६६वी ब्रिटिश पलटण, बाँबे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स. इंग्रजांकडची नऊशेहून जास्त माणसं पडली. उरलेले भर उन्हात, पाण्यावाचून, कंदाहारच्या वाटेने मागे आले. त्या पराभवासाठी पट्टी काढलीच नाही. त्यानंतर कंदाहारला वेढा पडला आणि १६ ऑगस्टला देह खोजा गावावर बाहेर पडून हल्ला झाला, त्यालाही पट्टी नाही. म्हणून जो स्वार मैवंदलाच पडला, त्याच्या घरी आलेलं पदक बिनपट्टीचं. या रिसाल्यांच्या बिनपट्टीच्या पदकाचा शोध आधी घ्या. ‘कंदाहार’ पट्टी असली तर माणूस १ सप्टेंबरला हजर होता हे कळतं. तो मैवंदलाही होता का, हे तिथूनही कळत नाही आणि त्यासाठी रोल पाहावाच लागतो.

ताऱ्याच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. काबूलहून निघालेल्यांशिवाय वाटेतल्या कलात-ए-घिलझाईच्या ठाण्यातून रॉबर्ट्सबरोबर पुढे गेलेल्या तुकड्यांनाही तो मिळाला. त्यामुळे काबूलला कधी न गेलेल्या पलटणीच्या माणसाकडे तारा दिसला, तर खोटा म्हणण्याआधी त्याची तुकडी त्या ठाण्यात होती का ते पाहा.

इतर पदकं आणि नोकरीचा क्रम

एका घरात दोन-तीन पदकं असतील तर ती काळाच्या क्रमाने मांडा आणि त्यातून एकच नोकरी जुळते का बघा. तिसऱ्या बाँबे लाइट कॅव्हलरीच्या जुन्या स्वाराकडे इराण मोहिमेचं ‘पर्शिया’ पट्टीचं इंडिया जनरल सर्व्हिस पदक, १८५७-५८ च्या उठावाचं ‘सेंट्रल इंडिया’ पट्टीचं पदक आणि १८६८ चं ॲबिसिनियाचं पदक असू शकतं. ही पलटण ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणमधल्या खुशाबच्या लढाईत होती आणि पुढच्या वर्षी इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात होती. पूना हॉर्सही खुशाबला होती. तिथे जिंकलेल्या निशाणावरचा चांदीचा पंजा त्या पलटणीचं मानचिन्ह झाला. ॲबिसिनिया पदक बाकीच्यांपेक्षा लहान, ३३ मिलिमीटरचं, आणि त्याच्या मागच्या बाजूला मधोमध नावासाठी जागा असते, म्हणून तिथेही बघा. पहिल्या बाँबे लान्सर्सच्या माणसाकडे ‘बर्मा १८८५-७’ पट्टी सापडू शकते. त्या मोहिमेपासून सैन्यामागे राबणाऱ्या मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे), घासकाढे अशा माणसांना तीच पदकं ब्राँझमध्ये मिळू लागली. पदक ब्राँझचं आहे म्हणून ते नकली ठरत नाही.

पदकावरचा हुद्दा त्या मोहिमेच्या वेळचा असतो. १८८० ला स्वार आणि पंधरा वर्षांनी दफेदार हे सरळ आहे. आधी दफेदार आणि नंतर स्वार असेल, तर एक तर शिक्षा झाली किंवा ही दोन वेगळी माणसं आहेत. नंबर जुळवा. एकाच पलटणीत एकच नंबर असेल तर माणूस बहुधा तोच. पलटण बदलली की नंबर बदलतो.

शौर्याचा मान वेगळा ओळखा. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकत नव्हता. त्याच्यासाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट होता, १८३७ पासून, आणि तेव्हा त्याचे तीन वर्ग होते. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हिंदी अधिकाऱ्यांच्या दीर्घ आणि निष्ठावान नोकरीसाठी दिला जाई. त्याच्या पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्याला ‘बहादूर’ हा किताब. घरात आजोबांना ‘बहादूर’ म्हणायचे एवढीच आठवण उरली असेल, तर ती याच्याशी ताडून बघण्यासारखी आहे.

दप्तरात कुठे आणि कसं शोधायचं

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे मेडल रोल, पदक कोणाला द्यायचं याची पलटणवार यादी. हिंदी फौजेचे रोल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, एल/एमआयएल/५ या मालिकेत आहेत. लंडनमधल्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधली डब्ल्यूओ १०० ही मालिका मुख्यतः ब्रिटिश पलटणींची. स्वार शोधणारे नेमके तिथे जाऊन रिकाम्या हाताने परततात. प्रत मागवताना मोहीम, पलटणीचं त्या वेळचं नाव, नंबर, हुद्दा आणि कडेवरचं स्पेलिंग जसंच्या तसं द्या. रोलमध्ये आधी नंबर शोधा, नाव नंतर. शेरा असलेला रकाना शेवटपर्यंत वाचा. माणूस मेला, सुटला की पळाला आणि कोणत्या पट्टीचा हक्कदार होता, हे तिथेच सापडतं.

जमादार आणि त्यावरच्यांसाठी छापील आर्मी लिस्ट पाहा. त्यात हिंदी अधिकाऱ्यांची नावं पलटणीखाली आणि हुद्दा मिळाल्याच्या तारखांसह असतात. पाच-पाच वर्षांच्या अंतराने लिस्ट पाहिल्या की बढती आणि निवृत्ती यांचा काळ हाती लागतो. साध्या स्वाराची वैयक्तिक फाइल लंडनच्या कागदांत सहसा नसते, कारण त्याची नोंद पलटणीतच राहायची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले मिलिटरी डिपार्टमेंटचे कागद आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बऱ्याच प्रमाणात पाहता येतात. मुंबई सरकारच्या लष्करी खात्याच्या बांधीव वह्या मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. अहिल्यानगरला चिलखती दलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे. एकोणिसाव्या शतकासाठी त्यावर फार आशा ठेवू नका, पण नातू-पणतू त्याच पलटणीत होते का, हे विचारण्यासाठी ते योग्य ठिकाण आहे.

घरचे कागदही पाहा. पूना हॉर्स आणि सिंध हॉर्स शिलेदारी पद्धतीच्या: घोडा आणि साज स्वाराच्या पैशांतून यायचा, त्यासाठी तो पलटणीत रक्कम भरायचा, तिला आसामी म्हणत. नोकरी सुटली की ती परत मिळे. जुन्या पावतीवर किंवा मोडी टिपणावर ‘आसामी’ आणि शेकड्यातली रक्कम दिसली, तर शेतीचा व्यवहार समजून टाकून देऊ नका. पेन्शनची सनद, फेरफारातली इनामाची नोंद, घोड्यासह काढलेला फोटो, हे सगळं एका पाकिटात ठेवा. वाटणीत पदकं भावाभावांत विभागली गेली असतील, तर निदान सगळ्या कडांचे फोटो प्रत्येकाकडे असू द्या. नोकरीचा क्रम सगळी पदकं एकत्र पाहिल्यावरच लागतो.

खोटं आणि बदललेलं कसं पकडायचं

जुनं नाव घासून नवं कोरणं हा नेहमीचा प्रकार. व्हर्निअर कॅलिपरने व्यास चार दिशांनी मोजा. कडा घासलेली असेल तर माप ३६ पेक्षा कमी भरतं, किंवा एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी येतं. अक्षरांच्या तळाशी चमक असेल आणि आजूबाजूला जुना काळेपणा असेल, तर कोरीव काम नवं आहे. ओतीव नकलीवर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, हत्तीच्या पायांच्या रेषा बोथट असतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ असते. पट्ट्या एकमेकींना रिव्हेटने जोडलेल्या असतात. तिथे डाग देऊन (धातू वितळवून) जोडल्याचा ठिपका, तार किंवा दोन वेगळ्या रंगांची चांदी दिसली तर पट्टी नंतरची. माळेत ओवायला सोनाराने डाग देऊन लावलेली कडी मात्र घरच्या वापराची खूण असते. ती काढायला जाऊ नका, उष्णतेने कडेवरची अक्षरं बिघडतात.

जपणूक

चांदीच्या पदकावर माती किंवा कुंकू असेल तर फीत वेगळी करा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेला कापूस फिरवा आणि लगेच कोरडं करा. काळपटपणा राहू द्या. ब्राँझच्या ताऱ्याला पाणी लावू नका. फीत धुवू नका, रंग उतरतो. पदक आम्लविरहित टिश्यू पेपरात गुंडाळून पॉलिइथिलीनच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. पावसाळ्यात पुडी महिन्याने बदला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकट थर येतो. रबर बँड, लोकर आणि वर्तमानपत्राच्या कागदामुळे चांदी झपाट्याने काळी पडते. फ्रेम करायची असेल तर डिंकाने चिकटवू देऊ नका आणि कडा दिसेल अशी जागा सोडायला सांगा.

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला कोणी ‘तपासून परत पाठवतो’ म्हणाला, तर पदक कुरिअरने धाडू नका. कडेचे आठ फोटो, दोन्ही बाजूंचा एकेक फोटो आणि पट्ट्यांच्या मागच्या जोडांचा जवळून घेतलेला फोटो पाठवा.